अम्मीच्या रिकाम्या पेटीत

कुपवाड,
१९ जानेवारी २०२५

प्रिय अल्फिया,

अस्सलामु अलैकुम. तू, वसीमभाई, निखत आणि फलटणची सगळी मंडळी खुशाल असाल. आम्ही इकडे बरे आहोत. अजीमची शुगर पुन्हा वर गेली आहे. बिनसाखरेचाच चहा पितो अशा शपथा घेतात आणि वर्कशॉपवरून शर्टावर खारीचा चुरा घेऊन घरी येतात. माझ्या शाळेत स्नेहसंमेलनाची धामधूम आहे. तिसरीच्या पोरांना लेझीम शिकवता शिकवता माझाच खांदा धरला आहे.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. आपण दोघी घरात दखनी बोललो, भांडलो मराठीत, आणि लिहायची वेळ आली की शाळेतली मराठीच हाताशी येते. फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू रडायला लागतेस, मग मी गप्प होते, आणि मग दोघी निखतच्या लग्नाच्या खरेदीबद्दल बोलतो.

परवा तू म्हणालीस, "आपा, ईदनंतरची तारीख धरलीय. निखतच्या हाताला पहिली मेंदी तूच लावायची. तुझ्याशिवाय दुसरी खाला, दुसरी मावशी कोण आहे तिला?" मी इन्शाअल्लाह म्हणाले. फोन ठेवल्यावर वाटलं, एक गोष्ट सांगायला हवी होती. ती तू माझ्याकडूनच ऐकायला हवीस, आणि मेंदीच्या आधी. ऐकल्यावर मला बोलवायचं की नाही ते तू ठरव.

पण आधी अम्मीबद्दल लिहिते. तू पोहोचलीस तेव्हा जनाजा उठून गेला होता. त्या दिवशी सकाळी काय काय झालं ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही.

तुला आठवतंय ना, इस्लामपुरात बाजारच्या दिवशी अम्मी बांगड्यांचं दुकान मांडून बसायची तेव्हा आपण दोघी मागे पोत्यावर बसून काचेचे तुकडे वेचायचो? तुकडे गिऱ्हाइकांच्या नव्हे, आपल्या निष्काळजीपणाचे असायचे. अम्मीच्या हातून बांगडी फुटलेली मी पाहिली नाही. बाईचा हात कितीही राठ असो, ऊसतोडीचा असो की भांडी घासून सुजलेला असो, ती तो आपल्या दोन तळव्यांत घेऊन कणकेसारखा मऊ करायची, बोलता बोलता अंगठ्याचं हाड आत दाबायची आणि बांगडी कधी चढली ते बाईला कळायचंही नाही.

आणि त्याच हातांनी ती मय्यतीला अंघोळ घालायची. गल्लीतली, तालुक्यातली कुठलीही मुसलमान बाई गेली की त्या शेवटच्या अंघोळीला, गुस्लला, बोलावणं अम्मीला, खातूनबीला. पैसे घ्यायची नाही. उलट कफनाचं कापड तिच्याच पेटीत कापून, घडी घालून ठेवलेलं असायचं. ज्यांच्या घरी कापडालाही पैसे नसत, त्यांना मागायला लागू नये म्हणून ती ते पिशवीतून आपणहून घेऊन जायची. कित्येकदा जिच्या हातात तिनंच बांगड्या भरलेल्या, तिच्याच हातातून तिला त्या उतरवाव्या लागत. साबणाचं पाणी लावून, एकही न फोडता उतरवायची आणि रुमालात बांधून तिच्या लेकीच्या हातात द्यायची.

बाजारात सगळ्यांना हे ठाऊक होतं. भाजीवाल्या हौसाबाई आठवतात? हात पुढे करून मोठ्यानं म्हणायच्या, "खातूनबी, हात तुझ्या ताब्यात दिलाय बघ. बांगड्याच भर, लगीच न्हाऊ घालू नगंस!"

अम्मी मान वर न करता म्हणायची, "गप बस गं. तुझा नंबर लय लांब हाय. आधी मागची उधारी दे, मग मर."

आणि अख्खी ओळ हसायची. त्या बायकांना तिचा हात कधी अशुभ वाटला नाही, अल्फिया.

आता निखतच्या जन्मानंतरच्या छठीचं, त्या सहाव्या दिवसाचं लिहायलाच हवं. तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या दिवशी अम्मी पहाटे गल्लीतल्या एका म्हातारीला अंघोळ घालून, स्वतः डोक्यावरून न्हाऊन, नवी साडी नेसून फलटणला आली होती. झबली आणली होती, वाळे आणले होते, आणि बाळासाठी काळ्या मण्यांच्या मनगट्या तिनं स्वतः ओवल्या होत्या. तुझ्या सासरी कुणीतरी विचारलं, एवढ्या उशिरा कशा आलात? अम्मीला खोटं बोलता येत नव्हतं. तुझ्या सासूबाईंचा चेहरा बदलला. मग तू पुढे आलीस, तिच्या मांडीवरून बाळ उचललंस आणि म्हणालीस, "अम्मी, आज नको."

तू एकवीस-बावीस वर्षांची होतीस, नव्या घरात होतीस. अम्मीला हे माझ्या आधी समजलं होतं. तिनं मनगट्या उशीखाली ठेवल्या, चहा घेतला आणि दुपारच्या एसटीनं परत आली. मी विचारलं, कशी आहे पोर? म्हणाली, "गोरी हाय. नाक मातर आपलं." त्यापलीकडे एक शब्द नाही; बाकीचं मला पुढे तूच फोनवर रडत सांगितलंस. त्यानंतर ती फलटणला कधी गेली नाही. तू ईदला यायचीस, घटकाभर बसायचीस, ती तुला शिरखुर्मा वाढायची. ती तुझ्यावर रागावली नव्हती. निखतच्या तान्हेपणीची झबली निवडतानाही ती माझ्याशी रंगावरून भांडली आहे, आणि ती झबली माझ्या नावानं तुझ्याकडे आली आहेत. तिला फक्त तुझं घर अडचणीत आणायचं नव्हतं.

आता एक असं सांगते जे तुला ठाऊक नाही.

२०१९ च्या महापुरात अम्मी माझ्याकडे अडकली होती. सांगली पाण्यात, कुपवाड उंचावर, म्हणून आमच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. वर्गावर्गांत माणसं, व्हरांड्यात ओले कपडे. अम्मी रोज माझ्याबरोबर यायची, भाकरी थापायला बसायची. तिथे धुळा नावाचा एक मुलगा त्याच्या आईला घेऊन आला होता. आटपाडीकडची धनगर माणसं. हा सांगलीत गोदामात कामाला, आई तानुबाई त्याच्याजवळ. बायको अपेक्षा बाळंतपणाला माहेरी गेलेली, आणि रस्ते बंद. म्हातारीला आधीच दम्याचा त्रास होता. चौथीच्या वर्गात, फळ्याखाली ती गेली.

धुळा कावराबावरा झाला. त्याच्या घरातली, भावकीतली एकही बाई तिथे नव्हती. बाकीच्या बायका हळहळत होत्या, पण पुढे कुणी होईना. अम्मी पिठाचे हात धुऊन उठली. त्याच्यासमोर जाऊन म्हणाली, "बाळा, मी मुसलमान हाय. तुमचं कसं करत्यात ते मला ठावं न्हाई. तू सांग, मी करते."

तो म्हणाला, "मला तरी कुठं ठावं हाय, मावशी? तुमी जसं करता तसं करा. माझ्या आईनं कवा कुणाला परकं म्हटलं न्हाई."

मी बादली भरून वर्गाच्या दारापर्यंत नेली आणि तिथेच थांबले. मला मेलेल्या माणसाची भीती वाटायची, तुला माहीत आहे. दार लोटलेलं होतं. आतून अम्मीचा आवाज येत होता. ती तानुबाईशी बोलत होती! "आता उजवा हात देतेस का बाई... हां. लय राबलेला हात हाय गं. मेंढरं राखलीस व्हय?" अगदी बांगड्या भरताना बोलायची तसंच. मला वाटायचं ती आत काहीतरी भयंकर करत असते. ती गप्पा मारत होती.

सगळं आवरल्यावर तिनं धुळाला आत बोलावलं. त्यानं कमरेच्या पिशवीतून बिरोबाचा भंडारा काढला, पण मुठीतून सगळी हळद सांडायला लागली. अम्मीनं त्याच्या हाताखाली आपला हात धरला आणि दोघांनी मिळून तानुबाईच्या कपाळाला भंडारा लावला. संध्याकाळी घरी येईपर्यंत अम्मीची बोटं पिवळी होती. अजीम बघून हसले, "अम्मी, हळदीला गेला होता काय?" अम्मी म्हणाली, "व्हय. मानानं बोलावलं होतं."

हे सांगताना माझी मान अजूनही ताठ होते.

आता तिच्या स्वतःच्या दिवसाचं. पहाटे, फजरच्या अजाननंतर ती गेली. मी जवळ होते. शेजारच्या खैरूनखालांना हाक मारली, त्यांनी डोळे मिटवले आणि म्हणाल्या, "पेटी उघड. कफन काढ." मी पेटी उघडली. पेटीत एक वार कापड नव्हतं. डांबराच्या गोळ्या आणि खाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद, बस्स. खैरूनखालांनी कपाळाला हात लावला. मागच्याच आठवड्यात, ताप अंगात असताना, अम्मी कुणाच्या तरी घरी जाऊन आली होती आणि शेवटचं कापड तिकडे देऊन आली होती. साऱ्या तालुक्याला पुरवणारीनं स्वतःसाठी काही ठेवलंच नव्हतं.

"खातूनबीला कफन न्हाई" ही बातमी माझ्या तोंडून फक्त खैरूनखालांपर्यंत गेली होती. तिथून ती कशी गेली, अल्लाह जाणे. प्रत्येक घराला वाटलं, आपणच आणायला हवं. आणि कुणी कुणाला विचारलं नाही! आधी तांबोळ्यांकडून कापड आलं. मग मशिदीतून. मग पिंजाऱ्यांची सून घेऊन आली, तिच्या मागोमाग जिला कुणी ओळखत नव्हतं अशी एक बाई बोरगावहून दुचाकीवर मागे बसून आली, "माझ्या सासूला त्यांनी दिलं होतं" एवढंच म्हणाली आणि पिशवी ठेवून गेली. आणि शेवटी हौसाबाई, डोक्यावर अख्खा तागा घेऊन! "मला काय म्हाईत तुमच्यात किती लागतं? कमी पडाय नको म्हणून समदाच उचलला. दुकानदार म्हणतोय, आज सगळ्या इस्लामपुरात मयत झालीय का काय?"

अल्फिया, अम्मी आत होती आणि बाहेरच्या खोलीत पांढऱ्या कापडाचा ढीग चढत होता. रडता रडता आम्हाला हसू यायला लागलं. खैरूनखाला म्हणाल्या, "उठंल आता आणि म्हणंल, येड्यांनो, एका माणसाला एवढं?"

पण खरा प्रश्न कापडाचा नव्हताच. गुस्ल कोण देणार? सगळ्या जणी एकमेकींकडे बघत होत्या. इतकी वर्षं हे काम खातूनबी करते म्हणून दुसऱ्या कुणी शिकलंच नव्हतं. खैरूनखालांना दुआ येत होत्या, पण गुडघे वाकत नव्हते. त्या म्हणाल्या, "हक लेकीचा हाय." तू वाटेत होतीस. राहिले मी.

मागच्या अंगणात चादरी बांधून आडोसा केला होता. मशिदीतून अंघोळ घालायचा लाकडी तख्ता आला. पुरानंतर अम्मीला मुलीसारखी झालेली धुळाची अपेक्षा सांगलीहून पहिल्या गाडीनं आली होती, येताना पिशवीभर बोरीचा पाला घेऊन. पुराच्या वेळी अम्मीनं धुळाला सांगितलेलं त्याच्याकडून ऐकून तिनं लक्षात ठेवलं होतं की आमच्यात पाण्यात बोरीचा पाला उकळतात. चुलीपाशी बसून तिनं सगळं पाणी तापवलं, कुणाला उठू दिलं नाही.

मी आत गेले. काय करायचं ते मला शब्दाशब्दानं येत होतं, कारण आयुष्यभर अम्मीच्या तोंडून मी ते ऐकलं होतं. आधी अम्मीच्या हातातल्या बांगड्या काढायला घेतल्या आणि पहिलीच माझ्या हातात फुटली. त्या आवाजानं मी गोठले. वाटलं, आता आपल्यानं होणार नाही. खैरूनखाला तांब्या धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "बघ, हसतीया ती. म्हणतीया, साबण लाव की गं येडे."

मी साबण लावला. तिचा हात माझ्या दोन तळव्यांत घेतला, ती घ्यायची तसा, आणि अंगठ्याचं हाड हलकेच दाबलं. बाकीच्या बांगड्या एकामागून एक उतरल्या. त्यानंतर भीती कुठे गेली मला माहीत नाही. उजवीकडून सुरुवात केली, मग डावीकडे. शेवटच्या पाण्यात कापूर घातला. केसांचे दोन भाग करून छातीवर ठेवले. केस अजून किती दाट होते! आणि मी बोलत होते, अल्फिया. मोठ्यानं. निखत बारावीला पहिल्या वर्गात आली, अजीम शुगर लपवतात, तू निघाली आहेस, सगळं तिला सांगत होते.

तिच्या अंगावर मी काय पाहिलं ते मात्र तुलाही सांगणार नाही. अम्मी म्हणायची, आतलं ते आतच ठेवायचं. तेवढ्यासाठी तर बायका आपल्यावर विश्वास ठेवतात. ती चांगली दिसत होती, एवढं तुझ्यासाठी पुरे.

रुमालात बांधलेल्या बांगड्यांतल्या तुझ्या वाटणीच्या माझ्याकडे आहेत.

तिसऱ्या दिवशी कबरीवरच्या जियारतीनंतर ते उरलेलं कापड समोर होतं. जिनं तिनं आपापलं परत न्यावं म्हटलं तर कुणी न्यायला तयार नाही. "खातूनबीच्या पेटीत ठेवा," सगळ्यांचं एकच. पण पेटी वापरणार कोण, हे कुणी बोलत नव्हतं. मी ते कापून घड्या घातल्या, पेटी भरली आणि टेंपोत घालून कुपवाडला आणली. अजीमना वाटलं आठवण म्हणून आणली. मलाही तोवर तसंच वाटत होतं.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र.

नोव्हेंबरात एके दुपारी अजीम अवेळी घरी आले. हेल्मेट हातात, आत येईनात. शेजारच्या शेडमध्ये विजापूरकडचा एक कामगार आहे, त्याची बायको सकाळी वारली होती. भाड्याची खोली, गणगोत कुणी नाही, चाळीतल्या बायका दार लावून बसलेल्या. अजीम म्हणाले, "मी त्याला शब्द दिलेला नाही. तुला नको असेल तर दुसरीकडे बघतो." अम्मी गेल्यावर हेच अजीम मला म्हणाले होते, हे सगळं आता बंद, उद्या शाळेत कळलं तर पालक काय म्हणतील. मी उठले. पेटी उघडली, एक घडी काढली आणि त्यांच्या मागे गाडीवर बसले.

तिचं नाव मला खोलीत गेल्यावर कळलं. लहानखुरी होती. मी तिला म्हणाले, "घाबरू नको हं, मला अजून सवय नाही. तू सांभाळून घे." बाहेर पडले तेव्हा तिचा नवरा भिंतीला टेकून बसला होता. उठला, हात जोडले आणि विचारलं, "आप कौन हैं?" माझ्या तोंडून शाळेचं नाव आलं नाही, अजीमचंही नाही. म्हणाले, "इस्लामपूरच्या खातूनबींची मुलगी."

घरी आले तर अजीमनी बंब पेटवून अंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. जेवताना फक्त म्हणाले, "आपल्या भागात एक जण तरी पाहिजे होती." त्यानंतर मिरजेहून बोलावणं आलं, मग पुन्हा कुपवाडमधूनच. मी गेले. शाळेतही कळलं आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, अशा दिवशी रजा टाकत जा, विचारत बसू नका." पोरं अजून माझ्याच डब्यातलं लोणचं पळवतात.

आणि मी हे सोडणार नाही, अल्फिया. अम्मीसाठी म्हणून सुरू झालं असेल, आता माझं आहे. रात्री मला शांत झोप लागते. सकाळी पोरांच्या वह्या तपासताना माझा हात मलाच मोठा वाटतो.

तेव्हा नीट विचार कर. मेंदी लावायला येणारी खाला आता ही आहे. कदाचित लग्नाच्या दिवशी सकाळीही मला कुठे जावं लागेल, आणि मग न्हाऊन, नवी साडी नेसून, उशिरा मी फलटणला पोहोचेन. कुणी कारण विचारलं तर मी खरं सांगेन. तुझ्या घरात आजही कुणाचा चेहरा बदलेल, कदाचित तुझाही. तुला जड जात असेल तर आत्ताच कळव, मी वाईट वाटून घेणार नाही असं मात्र लिहीत नाही. खूप वाईट वाटेल.

जमलं तर निखतला हे पत्र वाचायला दे. तिच्या नानीबद्दल तिला काय सांगितलं आहेस मला ठाऊक नाही, पण तिला एवढं कळू दे की तिचं नाक कुणाचं आहे.

अम्मी तुझ्या घरातून चहा घेऊन गप्प परत आली. मी तिच्यासारखी नाही. मला दारात थांबवलंस तर मी दारातच उभी राहून तुझ्या नावानं हाका मारीन, तू बाहेर येईपर्यंत, आणि साऱ्या फलटणला कळेल की खातूनबीची थोरली आली आहे.

वसीमभाईंना सलाम. निखतच्या दोन्ही हातांना माझे मुके.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
तुझीच आपा
अर्फा